वाहनातून उतरवलेली बॅटरी घरात ठेवताना : वाचकांचे प्रश्न

विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बॅटऱ्या गाडीसाठी अपुऱ्या ठरल्या, तरी त्यांत बरीच क्षमता शिल्लक असते. मूळ क्षमतेच्या सत्तर ते ऐंशी टक्क्यांवर आलेली बॅटरी सहसा गाडीतून काढली जाते आणि पुढे वीजसाठ्यासाठी तिचा दुसऱ्यांदा वापर होऊ शकतो. अशा बॅटऱ्या घरी आणून ठेवण्याविषयी वाचकांची बरीच पत्रे आल्यामुळे या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे लांबलचक होती, म्हणून प्रश्न संक्षेपाने दिले आहेत.

प्रश्न : आमच्या छतावर सौर पॅनेल आहेत. एका मोटारीतून काढलेली लिथियम बॅटरी आम्ही घेत आहोत, मात्र ती इन्व्हर्टरला जोडण्याचे काम काही महिन्यांनी होईल. तोपर्यंत ती जिन्याखालच्या मोकळ्या जागेत ठेवली तर चालेल का? तिला काहीच जोडलेले नसेल, म्हणजे ती बंदच असेल.

उत्तर : जिन्याखाली ठेवू नये. जागेविषयी पुढे लिहितोच, पण त्याआधी आपल्या पत्रातील एक समज दूर करणे मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण तो जवळजवळ प्रत्येक पत्रात डोकावतो. काहीही न जोडलेली बॅटरी बंद नसते. तिच्यात साठवलेली ऊर्जा तशीच असते, ती ज्या अनेक लहान घटकांची, म्हणजे सेलची, बनलेली असते त्यांच्या टोकांवरचे व्होल्टेज कायम असते आणि प्रत्येक सेलच्या आत ग्रॅफाइटचा ऋणाग्र व धातूच्या संयुगाचा धनाग्र हे केसापेक्षाही पातळ अशा प्लास्टिकच्या पडद्याच्या दोन बाजूंना, ज्वलनशील सेंद्रिय द्रावकात भिजलेले असतात. हा पडदा शाबूत आहे तोवर सारे शांत असते. आतल्या आत शॉर्टसर्किट झाले किंवा बाहेरून उष्णता मिळाली, तर साधारण ८० ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ऋणाग्रावरचा संरक्षक थर विघटित होऊ लागतो, १३० अंशांच्या आसपास पॉलिइथिलीनचा पडदा वितळतो आणि निकेलयुक्त सेलमध्ये २०० अंशांच्या सुमारास धनाग्रातून प्राणवायू सुटू लागतो. प्रत्येक टप्प्यातून बाहेर पडणारी उष्णता पुढच्या टप्प्याला चालना देते. एका सेलमध्ये सुरू झालेली ही साखळी शेजारच्या सेलला तापवते आणि तो सेलही त्याच मार्गाने जातो. तंत्रज्ञ याला ‘थर्मल रनअवे’ म्हणतात. बाहेरचा कोणताही स्विच बंद करून ही क्रिया थांबवता येत नाही.

अशी घटना क्वचित घडते, आणि चांगल्या स्थितीतील बॅटरीच्या बाबतीत तर फारच क्वचित. परंतु गाडीत असताना त्या बॅटरीला पोलादी किंवा ॲल्युमिनियमचे कवच, तापमान राखणारी शीतन यंत्रणा, धोका दिसताच मुख्य जोडणी तोडणारे कॉन्टॅक्टर आणि अखंड नजर ठेवणारी बॅटरी व्यवस्थापन प्रणाली, म्हणजेच बीएमएस, यांचे संरक्षण होते. घरात आणल्यावर यांतले बरेचसे संरक्षण गळून पडते आणि त्याची जागा आपण निवडलेल्या ठिकाणाला घ्यावी लागते.

म्हणून जागा ठरवताना एक प्रश्न सर्वांत आधी विचारावा : मध्यरात्री ही बॅटरी पेटली, तर घरातली सगळी माणसे तिच्यासमोरून न जाता बाहेर पडू शकतील का? जिन्याखालची जागा, मुख्य दरवाज्यालगतचा कोपरा, बोळ, झोपण्याची खोली आणि पोटमाळा ही सगळी ठिकाणे या एका प्रश्नावर बाद होतात. घरगुती वीजसाठ्याच्या सुरक्षिततेविषयी ब्रिटनमध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पीएएस ६३१००’ या दस्तऐवजात झोपण्याच्या खोल्या, पोटमाळे आणि बाहेर पडण्याच्या वाटा वगळण्यास सांगितले आहे, त्यामागे हाच विचार आहे. अमेरिकेतील ‘एनएफपीए ८५५’ या मानकात घरातील वीजसाठ्याच्या एका संचासाठी २० किलोवॅट-तासांची मर्यादा आहे, आणि घरातल्या कोठीसारख्या जागेत सगळे संच मिळून ४०, तर गॅरेजमध्ये ८० किलोवॅट-तासांपेक्षा जास्त साठा असू नये असे म्हटले आहे. हे आकडे आपल्या बॅटरीशी ताडून पाहावेत. ‘निसान लीफ’ या मोटारीच्या २०१० साली आलेल्या पहिल्या आवृत्तीची बॅटरी २४ किलोवॅट-तासांची होती आणि आजच्या अनेक मोटारींच्या बॅटऱ्या तिच्या दुपटीहून मोठ्या आहेत. म्हणजे एका गाडीची अख्खी बॅटरी घरी आणली, की एका संचाची ही मर्यादा बहुधा पहिल्याच दिवशी ओलांडली जाते.

सर्वांत चांगली जागा म्हणजे राहत्या घरापासून सुटी असलेली, न जळणाऱ्या भिंतींची खोली. ती नसेल तर घराच्या बाहेरच्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीलगत, दारे आणि खिडक्या यांच्यापासून किमान एक मीटर दूर, ऊन व पाऊस लागणार नाही असा आडोसा करावा. खिडकीपासूनचे अंतर ज्वाळांइतकेच वायूंसाठीही असते, कारण बिघडलेल्या सेलमधून निघणारा विषारी वायू उघड्या खिडकीतून सरळ घरात शिरतो. गॅरेजमध्ये ठेवायची असेल तर गाडी मागे घेताना तिचा धक्का लागणार नाही अशी अडसर घालावी, जमिनीवर पाणी साचत असेल तर बॅटरी काँक्रीटच्या ओट्यावर ठेवावी, आणि रंगाचे डबे, इंधन, गॅस सिलिंडर, पुठ्ठ्याची खोकी व पाणी तापवणारे यंत्र यांच्या शेजारी ती मुळीच ठेवू नये. त्या जागेत धूर किंवा उष्णता ओळखणारा सूचक बसवावा आणि त्याचा आवाज झोपण्याच्या खोलीत ऐकू येईल अशी व्यवस्था करावी. आवाज मालकाच्या कानी पडत नसेल तर त्या सूचकाचा उपयोग नाही. आपल्या भागातील अग्निशमन दलाचे, वीजपुरवठादाराचे आणि घराच्या विमा कंपनीचे नियम याहून कडक असू शकतात, आणि तसे असल्यास तेच पाळावेत.

प्रश्न : विक्रेत्याने मीटर लावून दाखवले, व्होल्टेज पूर्ण आहे. मग बॅटरी चांगली आहे असे समजायला हरकत नाही ना?

उत्तर : हरकत आहे. व्होल्टेजवरून बॅटरी त्या क्षणी साधारण किती भरलेली आहे याचा अंदाज येतो. तिने आजवर काय सोसले आहे, याचा त्यावरून काहीच बोध होत नाही.

यासंदर्भात २०११ सालची एक घटना सांगण्याजोगी आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने ‘शेव्हरोले व्होल्ट’ या मोटारीची बाजूने खांबावर आदळण्याची चाचणी घेतली. चाचणीत बॅटरीच्या कवचाला इजा झाली आणि शीतक द्रव गळला. चाचणी आटोपल्यावर गाडी आवारात उभी करून ठेवण्यात आली, बॅटरीतील ऊर्जा मात्र काढून टाकलेली नव्हती. सुमारे तीन आठवड्यांनी ती गाडी पेटली आणि शेजारच्या गाड्याही त्यात जळाल्या. धक्का आणि आग यांच्यामधल्या त्या तीन आठवड्यांत एखाद्याने ती बॅटरी काढून विकली असती, तर घेणाऱ्याला मीटरवर कदाचित व्यवस्थित आकडेच दिसले असते.

पाण्याचेही तसेच आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘इयन’ या चक्रीवादळाने फ्लोरिडात समुद्राचे पाणी वस्त्यांमध्ये शिरल्यानंतर, भिजलेल्या काही विद्युत मोटारी पाणी ओसरल्यावर पेटल्या. खारे पाणी सुकले तरी आत क्षारांचा थर उरतो, तो वीज वाहून नेतो आणि गंजही वाढवतो. म्हणून पुरात बुडालेल्या किंवा अपघात झालेल्या गाडीची बॅटरी कितीही स्वस्त मिळाली तरी घरी आणू नये, असे माझे ठाम मत आहे. त्यात तडजोडीला जागा आहे असे मला वाटत नाही.

तिसरी बाब कारखान्यातील दोषांची. ‘शेव्हरोले बोल्ट’ या मोटारी २०२१ मध्ये सरसकट परत बोलावण्यात आल्या, त्याचे कारण एकाच सेलमध्ये ऋणाग्राची पट्टी फाटलेली आणि पडदा दुमडलेला असे दोन दोष क्वचित एकत्र येत होते. असे दोष बाहेरून दिसत नाहीत. त्यामुळे बॅटरी ज्या गाडीतून काढली तिचा ओळख क्रमांक विक्रेत्याकडून लेखी घ्यावा आणि ती गाडी परत बोलावलेल्या गाड्यांपैकी आहे का, हे उत्पादकाकडे तपासावे. क्रमांक देण्यास विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

याखेरीज क्षमतेची प्रत्यक्ष चाचणी झाली आहे का, प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला आतून होणारा अडथळा, मोजला आहे का, पॅकचे, म्हणजे गाडीतल्या अख्ख्या बॅटरीचे, कवच आणि विजेची टोके यांच्यातील इन्सुलेशन तपासले आहे का, आणि गाडीतून काढल्यानंतर बॅटरी किती काळ व कोणत्या तापमानात पडून होती, या प्रश्नांची उत्तरे कागदावर मागावीत. वापरलेल्या बॅटऱ्यांची पारख व वर्गवारी कशी करावी यासाठी ‘यूएल १९७४’ हे मानक २०१८ पासून अस्तित्वात आहे आणि त्यानुसार काम करणारे व्यावसायिक अशी कागदपत्रे देतात. युरोपीय संघाच्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तेथे बाजारात येणाऱ्या विद्युत वाहनांच्या बॅटऱ्यांना डिजिटल पासपोर्ट असणे बंधनकारक होत आहे, त्यामुळे पुढच्या पिढीच्या बॅटऱ्यांचा पूर्वेतिहास कळणे सोपे जाईल. आज जुन्या गाड्यांमधून निघणाऱ्या बॅटऱ्यांना मात्र ती सोय नाही.

प्रश्न : पॅक उघडून मी आतली मॉड्यूल, म्हणजे काही सेल एकत्र बांधलेले गठ्ठे, सुटी केली आहेत. एकेका मॉड्यूलचे व्होल्टेज आठच्या आसपास असल्यामुळे शॉक बसण्याची भीती नाही. ती लोखंडी मांडणीवर रचून ठेवली आहेत. आणखी काय काळजी घ्यावी?

उत्तर : मांडणी आधी बदलावी. कमी व्होल्टेजमुळे धक्का बसत नाही हे खरे आहे आणि नेमके त्यामुळेच माणूस गाफील राहतो. मोटारीच्या बॅटरीतील सेलचा अंतर्गत रोध अतिशय कमी असतो, म्हणून आठ व्होल्टच्या मॉड्यूलच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर त्यातून हजार अँपिअरहून अधिक प्रवाह जाऊ शकतो. पाना लालभडक होतो, टर्मिनलचा धातू वितळून उडतो, आणि हातात अंगठी किंवा कडे असेल तर बोट हाडापर्यंत भाजते. लोखंडी फळी ही दोन टर्मिनलना एकाच वेळी टेकण्यासाठी तयार असलेली भली मोठी तार आहे. न जळणाऱ्या आणि वीज न वाहणाऱ्या फळीवर, प्रत्येक टर्मिनलवर इन्सुलेशनची घट्ट टोपी बसवून, मॉड्यूल एकमेकांपासून अंतर राखून ठेवावीत. नुसती चिकटपट्टी उष्णतेने सुटते. तिच्यावर विसंबू नये.

सुटी मॉड्यूल एकामागे एक जोडत गेल्यावर व्होल्टेज वाढत जाते. पहिल्या ‘लीफ’च्या पॅकमध्ये ४८ मॉड्यूल असतात आणि एकेकाचे व्होल्टेज साडेसातच्या आसपास असले तरी अख्ख्या पॅकचे ३६० व्होल्टच्या घरात जाते. वाहनांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत एकदिश प्रवाहाचे ६० व्होल्टच्या वरचे व्होल्टेज धोकादायक गणले जाते. एकदिश प्रवाहाची आणखी एक अडचण अशी, की घरातल्या प्रत्यावर्ती विजेप्रमाणे तो सेकंदातून कित्येकदा शून्यावर येत नाही, त्यामुळे जोडणी तुटताना पेटलेली ठिणगी आपोआप विझत नाही आणि दोन टोकांमध्ये ज्वाळेसारखी तेवत राहते. घरातल्या दिव्यांसाठीचा साधा एमसीबी किंवा फ्यूज अशा ठिकाणी पुरा पडत नाही. एकदिश प्रवाहासाठी बनवलेला, त्या व्होल्टेजला आणि शॉर्टसर्किटच्या प्रवाहाला तोंड देऊ शकेल असा फ्यूज बॅटरीच्या टोकाच्या शक्य तितका जवळ बसवावा लागतो, आणि हे काम त्या विषयातील प्रशिक्षित वीजतंत्रज्ञानेच करावे.

पाकिटासारख्या मऊ सेलची मॉड्यूल असतील तर त्यांच्या मूळ धातूच्या पट्ट्या किंवा चौकटी काढू नयेत. त्या नुसत्या पकडीसाठी नसतात, सेलवर समान दाब ठेवण्याचे कामही त्या करतात. खरे पाहता पॅक उघडणे टाळता आले असते तर अधिक बरे झाले असते. कॅलिफोर्नियातील लँकेस्टर येथे मोटारींच्या वापरलेल्या बॅटऱ्यांवर चालणारे मोठे वीजसाठा केंद्र आहे आणि तेथे पॅक न उघडता, त्यांच्या मूळ कवचासह व बीएमएससह वापरले जातात. ज्यांच्याकडे साधने आणि माणसे दोन्ही आहेत ते जर पॅक उघडत नसतील, तर घरी पक्कड घेऊन बसलेल्याने त्यातून बोध घ्यावा.

प्रश्न : वापर सुरू होईपर्यंत बॅटरी पूर्ण भरून ठेवावी की रिकामी?

उत्तर : दोन्ही नको. लिथियम बॅटरी साठवायची तर ती ३० ते ५० टक्के भरलेली असावी. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये धनाग्र व द्रावक यांच्यातील नको त्या रासायनिक क्रिया वेगाने होतात, त्यामुळे सेल लवकर म्हातारा होतो आणि काही बिघाड झालाच तर तो अधिक उग्र रूप घेतो. सुट्या लिथियम आयन बॅटऱ्या विमानाने मालवाहतुकीसाठी पाठवताना त्या ३० टक्क्यांपेक्षा अधिक भरलेल्या नसाव्यात, असा आंतरराष्ट्रीय नियम २०१६ पासून लागू आहे, त्याचे कारण हेच. उलट बॅटरी पार रिकामी राहू दिली तर बीएमएसचे स्वतःचे इलेक्ट्रॉनिक भाग थोडी थोडी वीज खात राहतात आणि सेल त्याच्या सुरक्षित मर्यादेच्या खाली जातो. दोन व्होल्टच्या खाली बराच काळ राहिलेल्या सेलमध्ये ऋणाग्रामागच्या पत्र्यातील तांबे विरघळू लागते, आणि असा सेल पुन्हा भरायला घेतला की ते तांबे नको त्या जागी साचून आतल्या आत शॉर्टसर्किट घडवू शकते. मेलेला सेल चार्जर लावून जागा केल्याचे चित्रफितींमध्ये अभिमानाने दाखवले जाते, तो प्रयोग कृपया कोणी करू नये.

तापमान १५ ते २५ अंशांच्या दरम्यान असेल तर उत्तम. ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की सेलच्या म्हातारपणाचा वेग दुपटीच्या आसपास जातो. पत्र्याच्या छपराखालची उन्हाळी दुपार म्हणूनच बॅटरीला फार महागात पडते. थंडीचा प्रश्न निराळा आहे. थंड जागेत बॅटरी पडून राहिली तर बिघडत नाही, पण शून्य अंशांच्या खाली ती भरायला लावली तर लिथियम ग्रॅफाइटच्या आत न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचते आणि ते नुकसान कायमचे असते.

साठवणीच्या काळात करण्याजोगे सर्वांत उपयुक्त काम अगदी साधे आहे. बॅटरी एक दिवस स्वस्थ राहू द्यावी आणि मग प्रत्येक सेलचे व्होल्टेज वाचावे : पॅक अखंड असेल तर बीएमएसमधून, सुटे मॉड्यूल असेल तर चांगल्या मल्टिमीटरने, दशांश चिन्हानंतर तीन अंकांपर्यंत. ते तारखेसह वहीत लिहून ठेवावे. दोन आठवड्यांनी पुन्हा वाचावे. सगळे सेल सारखेच किंचित उतरले असतील तर काळजी नाही. पण पंचवीस सेलपैकी चोवीस ३.६६१ वरून ३.६५९ वर आले आणि एकच ३.६२० वर गेला, तर त्या एका सेलच्या आत वीज कुठेतरी झिरपते आहे आणि तो मॉड्यूल वापरण्यायोग्य राहिलेला नाही. एकदा घेतलेल्या आकड्यांवरून हे कधीच कळत नाही. म्हणून महिन्याला एकदा वाचन घेत राहावे, आणि त्याच वेळी कवचावर हात फिरवून फुगवटा, ओल किंवा अनपेक्षित ऊब जाणवते का हेही पाहावे.

एक पुरवणी. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या सेलमध्ये व्होल्टेजवरून भरणा ओळखता येत नाही, कारण साधारण ३० ते ८० टक्क्यांच्या मधल्या टप्प्यात त्याचे व्होल्टेज एक दशांश व्होल्टपेक्षाही कमी बदलते. तिथे किती वीज आत गेली आणि किती बाहेर आली याचा हिशेब ठेवणाऱ्या उपकरणावरच भिस्त ठेवावी लागते. एक सेल दुसऱ्याहून वेगाने उतरतो का, हे पाहण्याची रीत मात्र तिथेही लागू पडते, फक्त फरक सूक्ष्म असल्याने अधिक काळ थांबावे लागते.

प्रश्न : लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी पेट घेत नाही असे ऐकले आहे. मग ती घरातल्या बंद कपाटात ठेवायला काय हरकत?

उत्तर : ती तुलनेने अधिक स्थिर आहे, यात शंका नाही. तिच्या धनाग्रातील प्राणवायू फॉस्फेटच्या बंधात घट्ट बांधलेला असतो, तिची साखळी अधिक तापमानाला सुरू होते आणि कमी उष्णता बाहेर टाकते. घरासाठी निवड करायचीच असेल तर मीही याच प्रकाराकडे बोट दाखवीन. परंतु तिच्यातला द्रावकही ज्वलनशील असतो, आणि सेल बिघडल्यावर त्यातून हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, द्रावकाची वाफ आणि विषारी हायड्रोजन फ्लोराइड हे सारे बाहेर पडते. लगेच ज्वाळा उठली नाही तर हे वायू साचत राहतात, आणि साचलेल्या वायूला ठिणगी मिळाली की स्फोट होतो. या प्रकारच्या सेलमधून सुटणाऱ्या वायूंत हायड्रोजनचे प्रमाण बरेच असते, त्यामुळे ज्वाळा न दिसणे हे नेहमीच दिलासा देणारे नसते.

साचलेला वायू काय करू शकतो हे ॲरिझोनातील सरप्राइज या गावी १९ एप्रिल २०१९ रोजी दिसून आले. तेथील दोन मेगावॅट-तासांच्या वीजसाठा केंद्रातील बॅटऱ्या निकेलयुक्त प्रकारच्या होत्या, पण धडा दोन्ही प्रकारांना लागू आहे. एका सेलपासून सुरू झालेला बिघाड पूर्ण रॅकमध्ये पसरला. आग विझवणारा वायू आपोआप सोडला गेला, तरी सेलची साखळी थांबली नाही आणि बंद कंटेनरमध्ये ज्वलनशील वायू साठत गेले. काही तासांनी अग्निशमन दलाच्या जवानांनी दार उघडले, तेव्हा स्फोट होऊन त्यांच्यातले चार जण गंभीर जखमी झाले. प्रशिक्षित, पूर्ण पोशाखातली माणसे होती ती. घरातल्या घट्ट लागणाऱ्या लोखंडी कपाटात बॅटरी ठेवणे म्हणजे असाच एक लहान बंद डबा तयार करणे होय. जागा न जळणारी हवी, पण वायूला बाहेर मोकळ्या हवेत जाण्यासाठी वर आणि खाली झरोके हवेतच, आणि ते घराच्या आतल्या बाजूला उघडणारे नसावेत.

प्रश्न : माझ्याकडे जुन्या शिसे-आम्ल बॅटरीचा इन्व्हर्टर आहे. त्यालाच ही बॅटरी जोडली तर?

उत्तर : जोडू नये. त्या चार्जरची भरण्याची पद्धत वेगळी असते. काही चार्जर शिशाच्या प्लेटा स्वच्छ करण्यासाठी मधूनमधून व्होल्टेज वाढवतात, आणि लिथियमच्या सेलला ४.२ किंवा फॉस्फेट प्रकारात ३.६५ व्होल्टच्या वर नेणे हे त्याला बिघाडाकडे ढकलणे आहे. बीएमएस ते अडवील या भरवशावर राहू नये. बीएमएस ही शेवटची तटबंदी आहे, तिच्यावर रोजच्या नियंत्रणाचे काम सोपवू नये. इन्व्हर्टर आणि बॅटरी एकमेकांसाठी मान्यताप्राप्त असावीत आणि त्यांच्यात माहितीची देवाणघेवाण होत असावी.

प्रश्न : बॅटरीजवळ कोणते अग्निशामक नळकांडे ठेवावे?

उत्तर : बॅटरीच्या शेजारी लागलेली लहान आग, म्हणजे एखादी तार, पुठ्ठा किंवा लाकडी फळी, विझवण्यासाठी कोरड्या भुकटीचे नळकांडे उपयोगी आहे, आणि ते बॅटरीच्या बाजूला न ठेवता खोलीच्या दाराबाहेर ठेवावे. सेलच्या आत सुरू झालेली साखळी मात्र त्याने थांबणार नाही. भुकटीने किंवा कार्बन डायऑक्साइडने ज्वाळा दबते, आतली उष्णता तशीच राहते आणि थोड्या वेळाने आग पुन्हा उसळते. उष्णता काढून घेण्यासाठी भरपूर पाणी दीर्घ काळ मारावे लागते. ते अग्निशमन दलाचे काम आहे. उच्च व्होल्टेजच्या पॅकवर बादलीने किंवा बागेच्या नळीने पाणी मारायला घरातल्या कोणीही जाऊ नये.

बॅटरीतून फसफस किंवा फटफट असा आवाज आला, गोडसर, द्रावकासारखा वास आला किंवा जमिनीलगत पसरणारे पांढुरके धुके दिसले, तर ते पाण्याची वाफ आहे असे समजून जवळ जाऊ नये. तो ज्वलनशील आणि विषारी वायू असतो. सर्वांना बाहेर काढावे, जाताना दार ओढून घ्यावे, दिव्याचे बटण चालू किंवा बंद करू नये आणि बाहेरून अग्निशमन दलाला दूरध्वनी करावा. लिथियम बॅटरी आहे, ती वाहनातली आहे, ती किती मोठी आहे आणि नेमकी कुठे ठेवली आहे, एवढे त्यांना पहिल्याच वाक्यांत सांगावे. म्हणूनच हा तपशील लिहिलेली पाटी त्या खोलीच्या दारावर आधीपासून लावून ठेवावी. आग विझल्यासारखी दिसली तरी ती काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेटू शकते, त्यामुळे जळालेली बॅटरी दलाने परवानगी देईपर्यंत हलवू नये आणि त्या खोलीत झोपायला तर जाऊच नये.

प्रश्न : माझ्या एका मॉड्यूलचा सेल फुगला आहे. वायू काढून टाकण्यासाठी बारीक छिद्र पाडले तर तो पुन्हा वापरता येईल का?

उत्तर : छिद्र अजिबात पाडू नये. सुई आत जाताना पडदा भेदून दोन्ही अग्र जोडले जाऊ शकतात, आणि बाहेर येणारा वायू ज्वलनशील असतो. फुगलेला सेल दाबून सपाट करणेही तितकेच घातक आहे. द्रावकाचे विघटन झाल्यामुळे तो वायू तयार झालेला असतो, म्हणजे सेलचे आयुष्य संपले आहे, आणि त्याच्या मॉड्यूलमधले बाकीचे सेलही विश्वासार्ह राहिलेले नाहीत.

ते मॉड्यूल भरू नये, वापरू नये आणि इतर मॉड्यूलपासून लगेच वेगळे करावे. ते थंड असेल, त्यातून आवाज, वास किंवा ओल येत नसेल, तरच हातमोजे घालून उचलावे, टर्मिनल झाकावेत आणि घराबाहेर मोकळ्या जागेत, भिंतीपासून व गाड्यांपासून काही मीटर दूर, झाकण सैल असलेल्या धातूच्या भांड्यात कोरड्या वाळूवर ठेवावे. मॉड्यूल आणि भांड्याचा धातू यांच्यामध्ये सर्व बाजूंनी वाळू राहील इतके भांडे मोठे असावे. मॉड्यूल ऊबदार लागत असेल तर त्याला हात लावू नये आणि थेट अग्निशमन दलाचा सल्ला घ्यावा. पुढे विल्हेवाटीसाठी गाडीच्या उत्पादकाशी किंवा लिथियम बॅटऱ्या स्वीकारणाऱ्या अधिकृत पुनर्चक्रण केंद्राशी संपर्क साधावा, आणि बॅटरी खराब झालेली आहे हे त्यांना आधीच सांगावे, कारण खराब बॅटरीच्या वाहतुकीचे नियम निराळे असतात व पुष्कळदा ते स्वतःचे वाहन पाठवतात. टपालाने किंवा कुरिअरने ती पाठवू नये, आणि घरातल्या कचऱ्यात किंवा भंगारात टाकू नये. कचऱ्याच्या गाडीतला दाब देणारा पत्रा त्या सेलवर आला, तर आग तिथे काम करणाऱ्या माणसाच्या हाताशी लागते.